पंधरा दिवस

"हे असं कधीपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "पंधरा दिवस झाले."

त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. "पंधराच दिवस? नक्की?"

"नक्की."

शालन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. पाठीला पट्टी असल्यामुळं तिला टेकून बसता येत नव्हतं. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मग मान खाली घातली.

मे महिन्यातला मंगळवार होता. आम्ही विट्याहून सकाळच्या गाडीनं मिरजेच्या दवाखान्यात आलो होतो. आठ दिवसांपूर्वी तिच्या पाठीचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट मिळणार होता.

शालनच्या पाठीवर जन्मापासून मोठा काळा डाग होता. तिच्या माहेरी त्याला लासं म्हणायचे. उजव्या खांद्यापासून खाली कमरेच्या चार बोटं वरपर्यंत. मधे काळाभोर, कडेला तपकिरी, वर बारीक केस. मी शिंपी आहे, त्यामुळं मला त्याचं मापही ठाऊक होतं. तेरा इंच लांब, नऊ इंच रुंद. पोटुशी असताना तिच्या आईनं ग्रहणात तवा घासला म्हणून असं झालं, असं गावात म्हणत. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी काही लपवलं नाही. माझी आई म्हणाली, "पाठीवर आहे ना, मग राहू दे. तोंड तर चांगलं आहे." त्यावर सगळे हसले आणि सुपारी फुटली.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्या शालनकडं बघून मला म्हणाल्या, "यांना जरा बाहेर बसायला सांगू या का?"

शालन म्हणाली, "पाठ माझी आहे बाई. माझं मला सांगा."

मग त्यांनी सांगितलं. त्या डागातच एका जागी कॅन्सर झाला होता. काखेत लागत होत्या त्या गाठी त्याच्याच होत्या. छातीच्या फोटोतही दिसत होतं.

"काढून टाकता येईल?" मी विचारलं.

"पाठीवरचं काढता येईल. छातीतलं नाही."

"मग?"

"औषध देऊन बघू. पण मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. काही महिने म्हणता येतील. वर्ष नाही म्हणता येणार."

शालननं पदर पुढं ओढून घेतला. रडली नाही. मग म्हणाली, "बाई, एक विचारू? ज्यांना असा मोठा डाग असतो त्यांचं सगळ्यांचंच असं होतं का?"

"नाही, नाही. बहुतेकांचा जन्मभर जसाच्या तसा राहतो. थोड्यांचा बिघडतो. पण कोणाचा बिघडेल ते आधी सांगता येत नाही ना. म्हणून एवढा मोठा असला तर वर्षातून एकदा डॉक्टरला दाखवायचा आणि महिन्यातून एकदा घरातल्या कुणीतरी उजेडात नीट बघायचा."

"बघायचा म्हणजे काय बघायचं?"

"बदल बघायचा. एखादी गाठ वर येते. एखादी जागा रंग बदलते. खाज सुटते, पाणी येतं, रक्ताचा डाग कपड्याला लागतो. असं काही दिसलं की त्याच आठवड्यात यायचं. वेळेवर आलेली माणसं वाचतात." मग त्या माझ्याकडं वळल्या. "म्हणून तुम्हाला परत परत विचारतेय. याला सहसा महिने लागतात. पंधरा दिवसांत एवढं वाढणं म्हणजे..."

"अचानकच झालं," मी म्हणालो.

त्यांनी तसं लिहून घेतलं.

परतीच्या एसटीत शालन पुढच्या सीटचा दांडा धरून वाकून बसली. सांगली गेली, कवलापूर गेलं. तासगावच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "भूक लागलीय. भजी आणा."

मी आणली. तिनं चार खाल्ली. म्हणाली, "तेल जुनं आहे मेल्याचं." मग कागदाला हात पुसत म्हणाली, "कांचनला सांगायला पाहिजे."

ती हे बोलणार हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांना तिनं विचारलं तेव्हाच मी ओळखलं होतं की ती कोणासाठी विचारतेय.

कांचन म्हणजे आमच्या गल्लीतल्या सिंधू लोंढेची मुलगी. सिंधूचा नवरा लवकर गेला. ती पिठाची गिरणी चालवायची. एकच मुलगी, आणि तिच्याही पाठीवर तसाच डाग. शालनच्या डागापेक्षा लहान, पण डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत आलेला. कांचन बारा वर्षांची असताना शाळेत तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी हा डाग मोठ्या दवाखान्यात दाखवा, काढायचा की ठेवायचा ते तिकडं ठरवतील, असं सांगितलं. सिंधू रडत आमच्याकडं आली. शालननं तिला दुकानाच्या पडद्याआड नेलं आणि स्वतःची पाठ दाखवली. "हे बघ. सदतीस वर्षं झाली. काय झालंय मला? उगीच पोरीच्या पाठीला चाकू लावू नको." सिंधूला तेवढंच ऐकायचं होतं. तिनं परत कुठं दाखवलं नाही.

आता कांचन एकवीसची होती आणि शुक्रवारी तिचं लग्न होतं. मुलगा ओगलेवाडीचा. पाहुण्यांना डागाचं सांगितलेलं नव्हतं. लग्नाचा ब्लाउज आमच्याकडंच शिवायला होता, मागचा गळा मानेपर्यंत बंद.

मी म्हणालो, "शुक्रवार तोंडावर आलाय शालन. आता सांगितलंस तर सिंधू घाबरेल. पाहुण्यांच्या कानावर जाईल. लग्न मोडायचं एखादवेळी. महिन्याभरानं पोरगी माहेरी येईल, तेव्हा निवांत सांगू."

"महिन्याभरानं मी उठून बसत असले तर."

"असं बोलू नको."

"डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा तुम्ही नाही म्हणाला त्यांना." ती खिडकीबाहेर बघत होती. "मी सांगितलं म्हणून नऊ वर्षं तिनं दाखवलं नाही. माझी पाठ बघून तिनं भरवसा ठेवला. आणि तिकडं गेल्यावर तिची पाठ कोण बघणार? इथं निदान आई न्हाऊ घालते."

गाडी सुटली. कंडक्टर पुढं गेल्यावर ती हळू म्हणाली, "पंधरा दिवस म्हणालात."

"मग तू का नाही बोललीस?"

"परक्या बाईसमोर नवऱ्याला खोटं पाडू?" तिनं भज्यांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला. "संपवा. गार झाली की घशाखाली जायची नाहीत."

बुधवारी सकाळी सिंधू आणि कांचन फिटिंगला आल्या.

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन पायमशीन, कपाट, भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात पडदा. आमच्या गावात बायकांची मापं बाईच घेते. पडद्याआड शालन माप घ्यायची, बाहेर मला आकडे सांगायची आणि मी वहीत लिहायचो. पडद्याच्या आत मी कधी पाऊल टाकलं नाही.

सिंधू स्टुलावर बसली. ती मोठ्यानं बोलणारी बाई. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळं तिला हळू बोलताच यायचं नाही.

"मास्तर, त्या नवऱ्याच्या बहिणीनं काय चित्र धाडलंय म्हाईत हाय का? सगळी पाठ उघडी आन मागं दोरी! मी म्हनलं, आमचा मास्तर जुन्या वळणाचा हाय, त्येला दोरी म्हनली की परकराची ठावं."

"मग काय सांगितलंत?"

"कापड कमी पडलं म्हून सांगितलंय. तुमच्यावर ढकललंय सगळं. उद्या इचारलं तर व्हय म्हना."

"म्हणतो."

आत शालनचा आवाज आला, "हात वर कर गं. हां. काखेत धरतंय का?" मग कांचनचा, "नाही काकू." मग शालन एकदम खालच्या आवाजात बोलायला लागली.

मला शब्द कळत नव्हते, पण ती काय सांगतेय ते कळत होतं. सिंधूचं लक्ष जाऊ नये म्हणून मी मशीनवर एक चिंधी ठेवली आणि पाय मारायला सुरुवात केली. मशीन जुनं होतं, खडखड मोठी करायचं. सिंधू आवाज चढवून जावयाचं सांगत राहिली. "पोरगं निर्मळ हाय, पर लई बारीक. वैशाखात वावटळ आली तर कांचीला धरून ठेवायला लागंल त्येला." मी हसलो आणि पाय मारत राहिलो.

ती एकदम थांबली. पुढं वाकून बघितलं.

"मास्तर, काय शिवताय?"

"हे... काज."

"सुईत दोरा न्हाई की."

माझा पाय थांबला. मशीन थांबलं आणि आतलं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. शालन म्हणत होती, "...म्हणून लग्न झालं तरी नवऱ्याला सांगून दाखवून घे. माझी चूक झाली बाळा."

सिंधू उठली आणि पडदा एका हातानं सारला.

मी तोंड फिरवलं, पण आरशात दिसलं. शालननं पाठ उघडी केली होती. पाठीवर पट्टी होती आणि पट्टीच्या कडेनं पाणी आलं होतं. कांचन कच्च्या टाक्यांच्या ब्लाउजमध्ये उभी होती, हात तसेच वर.

"वयनी, हे काय झालं?"

"कॅन्सर झालाय सिंधू. डागात."

सिंधू खालीच बसली. मग एकदम उठली. "परवा पोरीच्या डोक्यावर अक्षता पडायच्यात आन तुमी आज हे सांगताय व्हय? नऊ वर्सांमागं काय म्हनला हुता? ह्याच पडद्याआड म्हनला हुता!"

"म्हणाले होते. चुकले."

"चुकले म्हनून भागतंय व्हय?"

"नाही भागत. म्हणून तर सांगतेय."

"आगं पर सगळ्यांस्नी हुतंय काय हे?"

"नाही. थोड्यांनाच होतं. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेकांचा तसाच राहतो. फक्त बघत राहायचं."

कांचननं हात खाली घेतले. पडदा स्वतःच्या अंगाभोवती ओढून घेतला आणि विचारलं, "काकू, आधी काय झालं होतं? आधी कळतं का काही?"

मी आरशातून शालनकडं बघत होतो. तिनंही आरशातून माझ्याकडं बघितलं.

"मला माझी पाठ कुठं दिसते गं," ती म्हणाली. "बघायचे ते हे. त्यांना विचार."

तिनं मला खोटं पाडलं नाही. तिनं मला जागा करून दिली.

कांचन माझ्याकडं वळली. "काका, आधी काय दिसलं तुम्हाला?"

सिंधूही बघत होती. मी कात्री उचलली, परत ठेवली.

"काही नाही," मी म्हणालो. "अचानक झालं. पंधरा दिवसांत."

मग सिंधूनं मोठा श्वास सोडला. तिच्या तोंडावर मला सुटका दिसली. "बघ," ती कांचनला म्हणाली. "नशिबात असंल तसं हुतंय. आधी कळतच न्हाई तर बघून काय करनार? आता कुनाला काय बोलू नको. लगीन हू दे. मग बघू."

कांचननं मान हलवली. शालन तिच्या पाठीवरच्या टाचण्या काढायला लागली.

आता खरं काय होतं ते लिहितो.

दिवाळीत शालन नरक चतुर्दशीला अंघोळ करून आली आणि म्हणाली, "पाठीत काहीतरी खुपतंय, बघा हो." आम्हाला मूलबाळ नाही. घरात तिची पाठ बघणारा मी एकटाच. मी बघितलं. डागाच्या मधोमध साबुदाण्याएवढी गाठ होती. मी म्हणालो, "ब्लाउजची शिवण लागत असेल." मी तिच्या सगळ्या ब्लाउजांची पाठीची शिवण उसवली आणि दोन बोटं बाजूला घेतली.

संक्रांतीपर्यंत गाठ वाटाण्याएवढी झाली आणि खाज सुटायला लागली. मी म्हणालो, "कापड टोचतंय." मी तिला जुन्या धुतलेल्या मलमलीचे ब्लाउज शिवले. माघात पहिल्यांदा ब्लाउजच्या आत लाल ठिपका पडला. ती म्हणाली, "दाखवू या का कुणाला?" मी म्हणालो, "लग्नसराई आलीय. सराई होऊ दे."

मला भीती वाटत होती. ती मी तिला सांगितली नाही आणि स्वतःलाही सांगितली नाही. मला शिवायला येत होतं, ते मी करत राहिलो. गल्लीतल्या बायका तिला विचारायला लागल्या, "पाठीला काय लागलंय वहिनी?" तिला लाज वाटायची. तेव्हा मी तिच्या रोजच्या ब्लाउजांना आतून अस्तर लावलं. पहिलं पांढरं लावलं, त्याच्यावर दिसायला लागलं. मग काळं लावलं. त्या जागी दुहेरी.

काळ्या अस्तरावर रक्त दिसत नाही. पुढचे तीन महिने किती रक्त गेलं ते तिलाही कळलं नाही आणि मलाही नाही. काखेत गाठ लागली तेव्हा आम्ही मिरजेला गेलो.

दिवाळी ते मे. सात महिने होतात.

बुधवारी संध्याकाळी शालन कॉटवर कुशीवर झोपली होती. मी तिच्याजवळ बसून कांचनच्या ब्लाउजला हुक लावत होतो.

ती म्हणाली, "पोरीला अर्धंच सांगितलं आपण."

मी सुई टोचत राहिलो.

"भीती तेवढी दिली तिला. काय बघायचं ते दिलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं तुम्हीच सांगा. गाठ, खाज, रक्त. किती दिवस होतं तेही सांगा, म्हणजे तिला पटेल की वेळ असतो."

"तू सांग ना उद्या."

"मी सांगितलं तर ती विचारेल, काका तर पंधरा दिवस म्हणाले. मग काय म्हणू?"

"सिंधू माझ्या तोंडावर थुंकेल."

"थुंकू दे. पुसता येतं." मग म्हणाली, "मी तुम्हाला कधी बोलले का? अजून बोललेले नाही आणि बोलणारही नाही. मीही सात महिने तुमचं ऐकतच होते की. मी अडाणी नव्हते. पण तिला सांगा. तेवढं एक करा."

"उद्या ब्लाउज द्यायला जाईन तेव्हा सांगतो."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

गुरुवारी दुपारी हळद होती. सिंधूच्या दारात मांडव घातला होता, गिरणी बंद होती. ओगलेवाडीहून उष्टी हळद घेऊन बायका आल्या होत्या, त्यांना सरबत देणं चाललं होतं. मी ब्लाउज वर्तमानपत्रात गुंडाळून नेला होता. सिंधूनं मला लांबून बघितलं आणि घाईनं जवळ येऊन म्हणाली, "मास्तर, इथं काय बोलू नका बरं का. पाहुणं हायती."

"ब्लाउज द्यायचाय कांचनला. एकदा अंगावर बघून घे म्हणावं."

"मागल्या दारी थांबा. धाडते."

मी मागच्या दारी गिरणीच्या पत्र्याखाली थांबलो. कांचन आली. तोंडाला, हाताला, पायाला हळद, जुनी पिवळी साडी. ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "काकू कशा आहेत?"

"बरी आहे."

"पट्टी बदलली?"

"सकाळी बदलली."

मी पुडा तिच्या हातात दिला. म्हणालो, "कांचन, काल मी तुला..."

ती थांबून ऐकायला लागली. दोघंच होतो. आत बायका गाणी म्हणत होत्या, इकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तीन वाक्यं होती. मी ती सकाळपासून मनात म्हणत आलो होतो.

मी गप्प बसलो तेव्हा तीच बोलली. "काका, काल तुम्ही सांगितलंत त्यानं उलट बरं वाटलं मला. आधी फार रडले. मग म्हटलं, अचानकच होत असेल तर आपल्या हातात काय आहे? रोज आरशात बघून भीत बसायचं नाही. काकूंना सांगा, मी त्यांच्यावर रागावले नाही."

तेवढ्यात नवऱ्याची बहीण वाटी हातात घेऊन मागच्या दारात आली. मला बघून म्हणाली, "हेच का ते टेलरमास्तर? माझ्या नमुन्याची वाट लावली तुम्ही! मागचा गळा पार बंद करून टाकलात!"

"कापड कमी पडलं," मी म्हणालो.

"सव्वा मीटर दिलं होतं की!"

"पन्हा लहान होता."

ती हसत कांचनचा दंड धरून उभी राहिली. कांचन माझ्याकडं बघत म्हणाली, "काका, काहीतरी सांगत होतात ना?"

"हां. हुक घट्ट आहेत. ओढू नको, हळू लाव."

त्या दोघी आत गेल्या. नंतर मी पुष्कळदा हिशेब केला. मी तिथं आणखी थांबू शकलो असतो. नणंद गेल्यावर परत बोलावू शकलो असतो. मला कुणी घालवून दिलं नाही. मी चपला घातल्या आणि आपणहून निघालो.

घरी शालन दाराकडं तोंड करून पडली होती.

"सांगितलं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"दिवाळीपासूनचं?"

"दिवाळीपासूनचं."

"काय म्हणाली?"

"रडली थोडी. म्हणाली, काकूंवर राग नाही."

"आणि तुमच्यावर?"

मी म्हणालो, "माझ्यावरही नाही."

शालननं डोळे मिटले. "बरं केलंत," ती म्हणाली. आणि जेवायला मागितलं. त्या दिवशी तिनं दीड भाकरी खाल्ली. मिरजेहून आल्यापासून ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

लग्न झालं. शालन जाऊ शकली नाही, मी जाऊन अक्षता टाकून आलो. गणपती बसायच्या चार दिवस आधी शालन गेली. जाण्याआधीच्या आठवड्यात मधेच शुद्धीवर आली की विचारायची, "कांचन दाखवून आली का?" मी म्हणायचो, "आली. सगळं चांगलं आहे म्हणाले." तिला बरं वाटायचं.

दिवसकार्याला सिंधू आली होती. भांडण ती विसरली होती. मी तिला विचारलं, "कांचनला दाखवलं का कुठं?" ती म्हणाली, "कशाला मास्तर? सासरी कळलंय आता, कोन काय म्हनलं न्हाई. आन तुमीच म्हनला न्हवं, आधी कायबी कळत न्हाई म्हून." मी मान हलवली.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. मी दुकान बंद केलं, आता हात थरथरतो. सिंधू तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा कांचन नाशिकहून आली होती. तिचा नवरा आता चांगला जाडजूड झाला आहे, मोठा मुलगा नोकरीला लागलाय. ती मला भेटायला घरी आली. मी विचारलं, "पाठ कशी आहे?" ती म्हणाली, "आहे तशीच आहे काका. मी बघतच नाही तिकडं." मग तिनं माझ्या मोबाइलमध्ये स्वतःचा नंबर घालून दिला आणि म्हणाली, "काही लागलं तर फोन करा. संकोच करू नका."

शालन गेली तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. कांचन आता सत्तेचाळीसची आहे.

मी तिला तीन-चारदा फोन केला आहे. सणाला. तब्येत, पाऊसपाणी, मुलांचं, एवढंच बोललो आणि ठेवला. शालनच्या पाठीवर गाठ आधी दिवाळीत आली, मग खाज सुटली, मग रक्त आलं, आणि हे सगळं मी सात महिने बघत होतो, हे कांचनला सांगायचं अजून राहिलं आहे.